तांदळाच्या पिठाची गोलरेषा

मी, गिरीधर कृष्णाजी महाडिक, वय वर्षे छप्पन्न, धंदा शिलाई मशीन दुरुस्ती, राहणार वेलचेरी, चेन्नई, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहितो आहे. डोकं ठिकाणावर आहे; हृदयाची खात्री डॉक्टर देत नाहीत. येत्या वीस तारखेला शस्त्रक्रिया आहे. मला कोणी भरीस घातलेलं नाही. उलट पत्नी धनलक्ष्मी "असलं अभद्र कशाला लिहिता?" म्हणून सकाळपासून अबोल आहे. घरी आम्ही तंजावरी मराठी बोलतो. ही लिहायची मराठी मी रद्दीतल्या मासिकांवरून स्वतः शिकलो. चूक आढळल्यास ती माझी, कोणी सुधारू नये.

१. राहता फ्लॅट (दुसरा मजला, मोठ्या पुरातही पाणी जिन्याच्या नवव्या पायरीवर थांबलं) आणि बँकेतली सर्व ठेव धनलक्ष्मीची. तिच्या हयातीत फ्लॅट कोणी विकायला लावू नये.

२. दुकान व हत्यारे मुलगी अनन्या हिला. ती कंप्युटर कंपनीत आहे, पाना हातात धरणार नाही, ठाऊक आहे. विकताना संच मात्र फोडू नये. दाभण आणि वाकडी सुई तिने ठेवावी. त्यांनीच मी क्लबचा पहिला चेंडू अकरा वेळा शिवला.

३. गाठींचा दोर, तोही अनन्याला. कसला, ते तिला माहीत नाही म्हणून लिहितो. १९९१ साली मी, प्रतापसिंह आणि शेषाद्री अशा तिघांनी तळ्याकाठी 'एरीकरै फुटबॉल क्लब' काढला. प्रतापसिंह पुढे खेळायचा, शेषाद्री गोलकीपर. माझा खेळ यथातथाच. पण नियमांचं इंग्रजी पुस्तक शब्दकोश घेऊन मी तोंडपाठ केलं होतं. मैदान मी आखलं. या दोराला नऊ मीटर पंधरा, अकरा आणि साडेसोळा अशा मैदानाच्या मापांच्या तीन गाठी आहेत, आजही बरोबर भरतात. मैदानावर आता इमारती आहेत. माझ्या मोजणीने मध्यबिंदू बी ब्लॉकच्या लिफ्टपाशी येतो. कधीकधी मी तिथे जाऊन उभा राहतो. वॉचमन विचारतो, "सार, कोणाकडे?"

४. हे कलम मालमत्तेचं नाही. रेघा चुन्याच्या हव्या होत्या. पण आमच्या आया म्हणाल्या, चुन्याने पाय भाजतील, आणि दारापुढच्या कोलमचं, म्हणजे रांगोळीचं, तांदळाचं पीठ त्यांनी डबे भरून दिलं. हे पीठ मुंग्या-पाखरांनी खावं म्हणूनच घालतात, एवढं मला सुचायला हवं होतं. आमच्याच मैदानावरच्या १९९३ च्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात, समोर कोवलमच्या कोळ्यांचा संघ, मध्यंतरात बकऱ्यांनी उत्तरेची अख्खी गोलरेषा चाटून नेली. ठरलेला रेफ्री आला नव्हता. दोन्ही संघ म्हणाले, गिरीधर चालेल, तो इंचभर इकडे-तिकडे होऊ देत नाही. शेवटच्या मिनिटाला प्रतापसिंहाने मारलेला चेंडू त्यांच्या गोलकीपरने खांबांच्या आतून ओढून काढला. मी शिटी वाजवली नाही.

"डेय गिरी, आत होता! तुझ्या डोळ्यांदेखत!"

"रेघ कुठाय? रेघ नसताना गोल कसा देऊ?"

"रेघ बकरीच्या पोटात आहे. जा, तिला विचारून ये!"

सगळे हसले. प्रतापसिंह हसला नाही, मीही नाही. पेनल्टीत आम्ही हरलो. प्रतापसिंहाने बूट गोलखांबाला टांगले आणि चालता झाला. तो गेला तसे बाकीचेही एकेक करून गेले. वर्षभरात क्लब संपला.

आता शपथेवर लिहितो: चेंडू आत होता. चांगला हातभर आत. दोन खांब जागेवर होते, त्यांच्यामधली रेघ नजरेने ओढता आली असती. पुस्तक आड येत नव्हतं. आपल्याच क्लबला गोल दिला असं कोवलमचे लोक म्हणतील, याला मी घाबरलो आणि नियमाच्या आड लपलो. हे बत्तीस वर्षांत कोणाला सांगितलेलं नाही. धनलक्ष्मीलाही नाही.

५. प्रतापसिंह घाटगे, बँकेत नोकरी, राहणार नुंगंबाक्कम, यास मी काहीही देत नाही. वाचणाऱ्याने हा राग समजू नये. ज्याला मिळायचं त्याने साक्षीदार होऊ नये असं मी वाचलं आहे, आणि मला तो साक्षीदार हवा आहे. साक्षीदाराला घरी यावं लागतं. समोर बसून, मी सही करताना बघावं लागतं. काल त्याला फोन केला. साक्षीला ये म्हटलं. तो म्हणाला, "कसली साक्ष?"

"ये, आधी वाच. चौथं कलम वाचल्याशिवाय सही करू नकोस."

"बघतो," म्हणाला. येतो म्हणाला नाही.

आत्ता धनलक्ष्मी बोलली. "नाहीच आले तर? खालच्या मजल्यावरचं कोणीही सही करेल की." करेल. पण मला कोणाचीही नको. दुसऱ्या साक्षीदाराची सही झाल्याशिवाय या कागदाला काही किंमत नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे.

लिहून देणार: गिरीधर कृष्णाजी महाडिक (सही दोघे समोर बसल्यावर)

साक्षीदार १: शेषाद्री, वेलचेरी. हजर; तिसरी कॉफी चालू.

साक्षीदार २: प्रतापसिंह घाटगे, नुंगंबाक्कम. जागा सोडली आहे.

स्थळ: वेलचेरी, चेन्नई
दिनांक: तो येईल ती. वीसच्या आत.