खळ्याच्या मधोमध उलथनं

बेलवली, मंगळवार संध्याकाळ

दुपारी सूर्याभोवती खळं पडलं होतं, पूर्ण गोल. मोबाईल घेऊन गच्चीवर धावलो.

आई होती तेव्हा खळं दिसलं की ती स्वयंपाकघरातून उलथनं घेऊनच वर यायची. ते सूर्यासमोर धरायची. "आता काढ मेल्या फोटो, नाहीतर डोळे जातील!" त्यामुळे माझ्या प्रत्येक जुन्या फोटोत खळ्याच्या मधोमध उलथनं, आणि खाली तिचा पिठाचा हात. किती चिडायचो मी त्या उलथन्यावर!

आज सूर्य पाण्याच्या टाकीआड लपवला. फोटो एकदम स्वच्छ आला, आकाशाचे फोटो काढणाऱ्या आमच्या ग्रुपवर सगळे खूश. मग मघापासून मी जुनेच फोटो का उघडतोय? खळं तर बघतही नाहीये. बोटांनी तो पिठाचा हात मोठा करतोय.