पहिला ग्लास

३ तारीख, सोमवार
तापानंतर आज कामावर पहिला दिवस. पार्कचं गेट उघडायच्या आत सगळ्या काउंटरांवर फिरले — सूप, सॉस, सरबत, कॉफी, शेक. सूप तोंडात घातलं तर नुसतं गरम पाणी! सॉस — काहीच नाही. कॉफीला वाससुद्धा नाही. म्हटलं, तापाची जीभ आहे, येईल ताळ्यावर. सगळ्यांपुढे नेहमीसारखी मान हलवली आणि पुढे सरकले.

५ तारीख, बुधवार
आली नाही. ह्यांनी ऑम्लेट केलं होतं. छान झालंय म्हटलं, तर हे माझ्याकडे बघतच राहिले. मीठच घालायला विसरले होते म्हणे! हसून वेळ मारून नेली, पण ह्यांना फसवणं सोपं नाही. हात धरून डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणतात, चव येईल, कदाचित नाहीही येणार, वाट बघू. एवढं तर मीही सांगितलं असतं.

६ तारीख, गुरुवार
पार्कात कोणाला सांगायची सोय नाही. माझं कामच हे! खाण्यापिण्याचे नियम आमच्याकडे ढीगभर आहेत. सरबत कपावरच्या अस्वलाच्या कानापर्यंत हवं, ग्लास बाहेरून पुसलेला हवा, सूप कुठल्याही काउंटरवर घेतलं तरी चवीला तेच लागायला हवं. पण सगळ्यात वरचा नियम एकच — शेकचं मशीन रात्री धुतलं की सकाळचा पहिला ग्लास मी प्यायचा. मी ‘चालू करा’ म्हटल्याशिवाय पाहुण्यांना थेंब मिळत नाही.

सूपवाला माझा चमचा तोंडाकडे जाताना श्वास रोखून धरतो. खरं सांगू? मला ते आवडतं. हे काम गेलं तर मला तिकिटं फाडायला बसवतील. नको गं बाई.

८ तारीख, शनिवार
युक्ती सापडली! टेबलं पुसणाऱ्या मावशींना बरोबर घेतलं. चमचा त्यांच्यापुढे केला आणि विचारलं, तुम्हाला कसं वाटतंय? आधी लाजल्या. मग एकदा तोंड उघडलं ते थांबेनात. सॉस आंबटढाण, सूप पांचट, कॉफी करपलेली! मी आपली परीक्षा घेतल्यासारखी गंभीर. सूपवाल्याला मीठ वाढवायला लावलं. तो म्हणे, ताई, तुमच्या जिभेला सलाम. मावशी दिवसभर हवेत तरंगत होत्या.

१२ तारीख, बुधवार
चाललंय. साहेबांनी आज शाबासकी दिली — मावशींना तयार करताय, छान! घेतली शाबासकी. निर्लज्जपणे. मावशींना खरं सांगावंसं फार वाटतं. जीव लावून चाखतात बिचाऱ्या. पण मूग गिळून बसले आहे.

१५ तारीख, शनिवार
सकाळ — मावशी आल्या नाहीत, गुडघा सुजलाय. एकटीच फिरले. रंग बघितला, वाफ बघितली. शेकच्या मशीनपाशी मशीनवाला ग्लास भरून उभा होता. सगळा प्यायले. गार होता. फेस चांगला होता. ‘चालू करा’ म्हटलं.

संध्याकाळ — गेट उघडल्यावर शेकचं पहिलंच गिऱ्हाईक, एक छोटी मुलगी. एक घोट घेतला आणि सगळा थुंकून टाकला. तिच्या आईने ग्लास हुंगला. साबण! धुतल्यावर मशीन नीट विसळलंच नव्हतं. पार्कातल्या डॉक्टरीणबाईंनी मुलीला तपासलं, चूळ भरायला लावली, थोडा वेळ बसवून ठेवलं. ठीक आहे ती. दुपारी झुल्यावर आरडाओरडा करत होती, मी स्वतः जाऊन बघून आले. तिला एका घोटात कळलं. मी ग्लासभर प्यायले!

१६ तारीख, रविवार
साहेबांनी मशीनवाल्याला बोलावलं. मलाही. मला वाटलं, आता हा म्हणणार — पहिला ग्लास ताईंनी घेतला होता, त्यांना विचारा. म्हणायलाच हवं होतं त्याने! पण तो काय म्हणाला?

‘ताईंनी घेतला तेव्हा शेक चांगलाच असणार, साहेब. त्यांना कळलं नाही असं होणार नाही. नंतर माझ्याच हातून साबणाचं पाणी पडलं असेल. आठवत नाही, पण पडलंच असणार.’

न केलेली चूक स्वतःहून शोधून काढली त्याने, केवळ माझी जीभ चुकू शकत नाही म्हणून. साहेबांनी त्याला बुधवारी किल्ल्या देऊन जायला सांगितलं. आणि मी तिथे उभी. अळीमिळी गुपचिळी. माझी मला किळस आली.

१७ तारीख, सोमवार
ह्यांना सगळं सांगितलं आणि खूप रडले. मला वाटलं चिडतील. म्हणाले, चव गेली यात तुझा काही दोष नाही, पण तो घरी बसला तर तो मात्र तुझा. मग कितीतरी वेळ माझ्या पाठीवरून हात फिरवत बसले.

१८ तारीख, मंगळवार
साहेबांना सांगितलं. ताप, मावशी, सगळं. ते हसले! ताई, तुमचं मन मोठं आहे, पण त्याच्यासाठी स्वतःवर कशाला ओढवून घेता? परवाच तर सूपमध्ये मीठ कमी आहे हे तुम्ही पकडलंत! अहो, ते मावशींनी पकडलं होतं म्हटलं, तर म्हणे शिकवलं कोणी त्यांना? मी डोक्याला हात लावला.

मशीनवाला मागच्या अंगणात नळ्या धूत होता. शेवटचा दिवस, तरी घासून घासून. त्यालाही सांगितलं. हात पुसून तो खालच्या आवाजात म्हणाला, ‘ताई, माझ्यासाठी खोटं बोलू नका.’

इतका विश्वास! संताप आला मला. त्याचा नाही, माझाच.

१९ तारीख, बुधवार
किल्ल्या द्यायच्या आधी त्याला साहेबांच्या खोलीत कॉफी करायला लावली. म्हटलं, हवं ते घाल, मी बघणार नाही. भिंतीकडे तोंड करून बसले. कप हातात आला. छान गरम होता. अर्धा संपवला आणि म्हटलं, ‘चालू करा.’ साहेब खुर्चीतून उठले. मशीनवाल्याने माझ्या हातातून कप काढून घेतला.

‘पुरे, ताई,’ म्हणाला. ‘अर्धी बरणी मीठ घातलंय मी.’