मेलेल्या नायकाचा चहा

बाबा, काल एक कादंबरी वाचून संपवली. तुम्ही असता तर आधी विचारलं असतं, "शेवटी कोन मेला?" मेला एकजण. दोन पुरुषांच्या प्रेमाची गोष्ट आहे. एकाचं घरचे लग्न लावून देतात, दुसऱ्याला लेखक नदीत बुडवतो. बरीच पानं शिल्लक असतानाच मला अंदाज आला होता. अशा माणसांना जगवणं लेखकांच्या जिवावर येतं. तरी वाचत राहिलो, कारण पुस्तक देणारा म्हणाला होता, "वाच, आपलंच हाये."

तो आणि मी भद्रावतीला एकत्र राहतो. तुम्ही त्याला पाहिलं नाही. माझं त्याच्यावर प्रेम आहे, हे तुम्हाला पहिल्यांदाच सांगतोय. पुस्तक माझ्या हातात देऊन तो वरोऱ्याला घरी गेला. तिथे त्याच्यासाठी मुलगी पाहून ठेवली होती, आणि तो नाही म्हणायला गेला होता. आईसमोर बसल्यावर नाहीचं हो कसं होतं, ते मी बऱ्याच जणांचं पाहिलंय.

मग आपल्या गावचं नाटक आठवलं. दिवाळीनंतर मंडळी यायची, नायक मरायचा, मी रडून घर डोक्यावर घ्यायचो. सकाळी तुम्ही तलावावर जाळं टाकायला जायचं सोडून माझा हात धरता, दुसऱ्या हातात चहाची किटली. मंडळी शाळेत उतरलेली. नायक पायरीवर दात घासत बसलाय, कानामागे अजून लाल रंग. तुम्ही त्याला कप देता आणि मला म्हणता, "पाह्य, मेलेला मानूस चाय पिऊन राह्यला." एका वर्षी नायक म्हणाला, "भाऊ, मराले मेहनत लागते, साखर जराशी जास्त टाकत जा." दुसऱ्या वर्षी तुम्ही टाकली.

पुस्तकातल्या माणसाला असं भेटता येत नाही. आज सकाळी बसस्टँडवर गेलो. तो उतरला. टपरीवर चहा घेतला.

"सांगतलं घरी," तो म्हणाला. "माय लय रडली. पन नाईच म्हटलं."

मी त्याचा कप रिकामा होईपर्यंत पाहत राहिलो.

"घरीच येतो म्हून फोन केला होता ना तुले? मंग इथी काऊन आला?"

त्याचं उत्तर तुम्हाला सांगतो, हे पत्र कुठे जाणार नाहीच. नायक खरा मरत नाही, हे मला लहानपणीच कळलं होतं. तरी दरवर्षी रडायचो, सकाळी तुम्ही हात धरून न्यावं म्हणून.