पिवळं काही राहता कामा नये

सोमवार, १ डिसेंबर

नव्या नोकरीचा पहिला दिवस आणि नव्या वहीचं पहिलं पान. वही कंपनीनेच दिली. वर सोनेरी अक्षरांत 'सुरक्षा प्रथम' छापलंय आणि आत पुढच्या वर्षाच्या तारखा आहेत. त्या खोडून मी आजची तारीख घातली. जानेवारीपर्यंत वाट बघायचा माझा स्वभाव नाही.

लग्न करून आळंदीला आले त्याला पंधरवडा झाला. खोली लहान आहे, पण ओटा खिडकीशी आहे, आणि समोरच्या संस्थेतली मुलं पहाटेपासून पखवाज घोटतात, त्यामुळे गजर लावायची गरज पडत नाही. हे चाकणच्या कंपनीत प्रेस शॉपला आहेत. तिथे अवाढव्य यंत्रं पत्रा दाबून गाड्यांचे भाग काढतात. ह्यांनीच खटपट करून मला त्याच कंपनीच्या सुरक्षा विभागात चिकटवलं. मराठीची पदवी आणि टायपिंग, एवढंच माझं भांडवल.

'हे' म्हणजे कोण, ते वहीला सांगायला हवं. नवऱ्याचं नाव मी लग्नात उखाण्यातून एकदा घेतलं, नंतर नाही. आई घेत नाही, सासूबाई घेत नाहीत, माझ्याही तोंडात येत नाही. मैत्रिणी चिडवतात. चिडवोत बापड्या. आमचे हे म्हणजे हे.

ह्यांचं गाव खेड तालुक्यात, पार डोंगराकडे. त्यामुळे बोलणं 'आमी आलो, आमी जेवलो' असं. एकटे असले तरी आमी. मी पडले शुद्धलेखनवाली, रोज टोकते. म्हणतात, तुला कळलं ना, मग झालं तर. आज कंपनीच्या बसमध्ये आम्ही शेजारी बसलो, आणि चाकणच्या चौकातली ती कुप्रसिद्ध गर्दीसुद्धा मला आवडली. मी फार आनंदात आहे.

मंगळवार, २ डिसेंबर

साहेबांचं नाव हिंदुराव. गोड बोलतात, चहा स्वतः मागवतात. टेबलावर मुलीने काढलेलं हत्तीचं चित्र काचेखाली ठेवलंय.

काम सोपं आहे. शॉपमध्ये काही घडलं की सुपरवायझर अहवाल पाठवतो. तो मी वर्डमध्ये उघडायचा आणि एक बटण दाबायचं. साहेबांनी काही शब्द आधीच नेमून ठेवलेत. अपघात, मरण, तुटले, बंद, नादुरुस्त, असे. बटण दाबलं की कागदभर जिथे जिथे हे शब्द असतील तिथे आपोआप पिवळा रंग चढतो. मग मी एकेक पिवळा शब्द काढून त्या जागी सभ्य शब्द घालायचा. अपघाताची 'घटना' करायची. 'सेन्सर बंद होता' असेल तर 'कामगाराचे दुर्लक्ष' लिहायचं. नाहीतर माल घेणाऱ्या मोठ्या कंपनीचे तपासनीस ऑर्डर काढून घेतात म्हणे. साहेब म्हणाले, शेवटी कागदावर पिवळं काही राहता कामा नये.

बटण मात्र अगदी अडाणी आहे. शब्द कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो, याचा त्याला पत्ता नाही. 'स्मरणपत्रा'तलं 'मरण' तेवढं रंगवतं, 'बंदोबस्ता'तलं 'बंद' रंगवतं. मी एकटीच हसत बसले.

पहिला अहवाल छतावरच्या क्रेनचा होता. तिचा ब्रेक नादुरुस्त आहे, लटकवलेला साचा एकदम हातभर खाली आला, असं सुपरवायझरने लिहिलं होतं. मी 'क्रेनची देखभाल नियोजित आहे' असं केलं. आमच्या ऑफिसातून गेटकडे जायची वाट त्या क्रेनच्या खालूनच आहे. जाताना एकदा वर बघितलं.

शुक्रवार, ५ डिसेंबर

काल गुरुवारची सुट्टी होती. घाटावर फिरून आलो, ह्यांनी गजरा घेतला.

आज एक गंमत झाली. शिफ्ट बदलाची सूचना टाइप केली, बटण दाबलं, तर तीत 'ज्योतीराम' हे नाव पिवळं झालं. ज्योतीराम ह्यांच्याच प्रेसवर असतो, डब्यात रोज ठेचा आणतो. नेमलेल्या शब्दांत त्याचं नाव नाही, मी बघितलं. रंग काढला, तर फाईल पुन्हा उघडल्यावर परत आला. साहेबांना दाखवलं. ते म्हणाले, बटण जुनं झालंय, लक्ष देऊ नका.

रविवार, ७ डिसेंबर

ज्योतीरामचा उजवा हात प्रेसमध्ये गेला. बोटं राहिली नाहीत.

हात आत असताना यंत्र थांबवणारा सेन्सर, उत्पादन अडायला नको म्हणून, दिवाळीपासून बंद करून ठेवलाय. ज्योतीरामने स्वतःच तशी तक्रार केली होती, ह्यांनी सांगितलं. अहवाल माझ्याकडे आला. 'सेन्सर बंद' पिवळं झालं. मी तिथे 'कामगाराचे दुर्लक्ष' घातलं. पिवळं गेलं, कागद स्वच्छ झाला. मला फार वाईट वाटलं, तरी बदललं. घरी हे जेवले नाहीत. काय लिहिलंस म्हणून विचारलंही नाही.

बुधवार, १० डिसेंबर

स्वच्छता सप्ताहाचं आभारपत्र केलं. त्यात 'शालनबाई' पिवळं झालं आहे.

शालनबाई शॉपमधला लोखंडाचा चुरा झाडतात. मी उठून त्यांना शोधत गेले. काय सांगावं कळेना. शेवटी म्हटलं, मशीनवर तुमचं नाव पिवळं दिसतंय, जपून राहा. त्या कमरेवर हात ठेवून हसल्या. म्हणाल्या, "म्हातारपणी हळद लागली म्हन की मला."

शुक्रवार, १२ डिसेंबर

शालनबाई गेल्या. फोर्कलिफ्ट मागे येत होती. तिचा मागे येतानाचा भोंगा बंद होता, ड्रायव्हरला त्या दिसल्या नाहीत.

अहवालात 'भोंगा बंद' पिवळं झालं. मी बदलणार नाही म्हटलं. साहेबांनी आवाज न चढवता सांगितलं की ह्यांचं कंत्राट या महिन्यात संपतंय, कायम करण्याच्या यादीत नाव घालायचं चाललंय. मी 'संबंधित महिला वाहनाच्या मार्गात आल्या' असं लिहिलं. ते माझ्या सहीने गेलं.

आता मला कळलंय. रंग जात नाही. खऱ्या शब्दावरून मी त्याला उठवते आणि तो जाऊन कुणाच्या तरी नावावर बसतो.

शनिवार, १३ डिसेंबर

सकाळी गेल्या गेल्या प्रेस शॉपची उद्याची हजेरी उघडली आणि ह्यांचं नाव शोधलं. टाइप करताना बोटं लाजली. दिग्विजय. बटण दाबलं. नाव स्वच्छ आहे. पुन्हा दाबलं. स्वच्छ. मला रडू आलं.

बटण मात्र पुरतं बिघडलंय. हजेरीखालच्या सूचनेत 'हे' शब्दच पिवळा करत सुटलंय. हे यंत्र, हे काम, हे पालन. 'आहे'मधलं 'हे'सुद्धा, म्हणजे प्रत्येक ओळीचा शेवट पिवळा. एवढा साधा शब्द, त्याचं कुणाला काय. दुर्लक्ष केलं. ह्यांचं नाव स्वच्छ आहे, मला एवढं पुरे.

सोमवार, १५ डिसेंबर

आज मी लवकर आले होते, ह्यांना ओव्हरटाइम होता. कपडे वाळत घालत होते. घरमालकीण इंदुताई जिन्यातून वर आल्या, दळणाचा डबा टेकवला आणि सहज विचारलं, "तुमचे हे आले न्हाईत का अजून?"

तुमचे हे.

हातातला टॉवेल खाली रस्त्यावर पडला. मी नाव शोधत राहिले. मी कधी त्यांना नावाने हाक मारते का? बटण मी दाबते. ते माझ्या भाषेत सांगत होतं, ओळीओळीला सांगत होतं, आणि मी बिघाड समजून सोडून दिलं.

ते घरी आले तेव्हा मी जिन्यातच बसले होते.

आता तो शब्द लिहायचा नाही. कागदावरसुद्धा नाही. पण तो कुठे नाही? आहे, साहेब, बाहेर, माहेर. हे शेवटचे. यापुढे नाही.

मंगळवार, १६ डिसेंबर

सकाळी त्यांचे बूट लपवले. सगळं सांगितलं. आधी हसले. मग माझ्या कपाळाला हात लावून बघितला. मग चिडले. कंत्राटी माणूस ऐन यादीच्या वेळी घरी बसला तर संपलंच, म्हणाले. मी पाय धरले. त्यांनी मला उठवलं, पाणी दिलं, बूट शोधले आणि गेले. मी मागोमाग बस पकडली.

दिवसभर —

जुने अहवाल उघडून सगळे खरे शब्द परत घातले. सेन्सर बंद. भोंगा बंद. ब्रेक नादुरुस्त. ते अक्षर पिवळंच. उशीर झाला, ते कागद केव्हाच माझ्या सहीने गेले —

बटण पुसून टाकलं. रंग तसाच. दुसऱ्या कॉम्प्युटरवर बघितलं. तसाच.

सुपरवायझरकडे गेले, सेन्सर सुरू करा म्हणून हात जोडले. माझ्या हातात नाही, म्हणाला. हिंदुरावांनी चहा मागवला, दोन दिवस आराम करा म्हणाले, जुन्या फाईली कुलपात टाकल्या.

इथे मला नवऱ्याशिवाय कुणी नाही. एवढंच.

बुधवार, १७ डिसेंबर

आले. आराम नको. उद्या सुट्टी, आजचा दिवस निघाला तर —

एक सुचलं. रंग हलतो तो मी शब्द बदलते तेव्हा. आतापर्यंत तो कुठे जातो त्याकडे माझं लक्ष नव्हतं. आता मीच त्याला जागा दाखवायची. आजच्या सूचनेत ते अक्षर एका ओळीतून काढून 'ते' घातलं. 'ते' पिवळं झालं. म्हणजे मी देईन तो शब्द घेतो. लगेच पुसलं.

'हिंदुराव' टाइप केलं.

बोट बदलायच्या बटणावर ठेवून बसले. त्यांनी उठून माझ्यासाठी पंखा कमी केला. काचेखाली तो हत्ती. मला जमलं नाही.

मग कोण? शब्द मी बदलले. सही माझी. लहानसा शब्द, त्याच्याच मापाचा —

'मी'.

रडत नाही. खरंच नाही. त्यांना डबा गरम करून खायची सवय लावा, सासूबाई. पखवाजाच्या आवाजाने त्यांना जाग येत नाही, हलवावं लागतं.

शिफ्ट सुटायच्या आत करायला हवं. वर्डमध्ये 'सगळीकडे एकदम बदला' असं बटण असतं, ते —

केलं.

झालं. सगळी पिवळी अक्षरं बदलली. ते वाचले. आता पाळी माझी, पण ते वाचले. वाचून बघते, कुठे जुनं काही राहिलं नाही ना —

'मी यंत्र'. 'मी काम'. बरोबर.

ओळीचा शेवट —

'सेन्सर सुरू आमी.'

'क्रेन सुरू आमी.'

आमी. आमी. पानभर, पिवळं —

बदलायचं बटणही तितकंच अडाणी. त्याला शब्द कुठे सुरू होतो ते — मला ठाऊक होतं, मी हसले होते त्याला — मी फक्त स्वतःला — आणि त्याने आम्हाला दोघांना —

मागे घ्या, मागे घ्या. ऐकत नाही. फाईल मिटत नाही.

भोंगा झाला. शिफ्ट सुटली.

काचेतून दिसतात. माझ्यासाठी थांबलेत, वाटेवरच, डबा हातात. वर क्रेन. साचा लटकतोय, कुणी उतरवला नाही —

ओरडले. शॉपच्या आवाजात ऐकू जात नाही. हाताने सांगितलं, सरका. त्यांना वाटलं, मी टाटा केलं. त्यांनीही केलं.

जायला हवं. ढकलायला हवं त्यांना. पण मी तिथे पोचले की दोघं — तेच तर लिहिलंय — आणि नाही गेले तर ते एकटे —

साचा हलला. हातभर.

जाते. वही इथेच —

ते हसतात. मला हाक मारतात, ओठांवरून कळतं. ये लवकर, दीपा. आमी