बुधीचे चौदा उल्लेख

शहापूर,
२२ नोव्हेंबर २००९

ती. मालूताईस, धाकट्या बहिणीचा वाकून नमस्कार.

तुझे गुडघे कसे आहेत? भावजींची साखर आटोक्यात आहे ना? इथे सगळे बरे. भात झोडून झालं, सवड मिळाली आणि तुझी आठवण आली, म्हणून लिहायला बसले. काम असं काही नाही. (तू पुण्यात गवतांवर मोठा निबंध लिहिते आहेस, हे तर माझ्या ध्यानीमनीही नव्हतं.)

यंदा आमच्या कॉलेजात बढतीचा नवा नियम निघाला. आजवर नोकरीची वर्षं मोजत. आता आपल्या निबंधांचा उल्लेख इतर शास्त्रज्ञांनी किती वेळा केला आणि आपण किती जणांबरोबर मिळून काम केलं, ते मोजतात. निदान दहा उल्लेख हवेत. मी कॉम्प्युटरवर स्वतःला शोधलं. (चाळिशी उलटल्यावर हे करू नये.) माझ्या गवताच्या निबंधाला पाच उल्लेख निघाले. त्यातले चार माझेच. पाचवा ब्राझीलच्या एका गृहस्थांचा, ‘विशे यांचा निष्कर्ष चुकीचा आहे’ असा. यंत्राला राग-लोभ नसल्यामुळे तोही धरला गेला. खरं सांगू, मला त्या माणसाबद्दल माया वाटली. एवढ्या लांब बसून कुणीतरी माझं शेवटपर्यंत वाचलं होतं.

कडू कंदाच्या निबंधाला मात्र चौदा उल्लेख होते, आणि ते सगळे बुधीच्या नावावर. बुधी म्हणजे उंबरमाळीच्या वरच्या वाडीतली म्हातारी. कंदाच्या चकत्या राखेच्या पाण्यात उकळून तीन दिवस वाहत्या पाण्यात ठेवल्या की विषारी कडवटपणा जातो, हे तिने मला दाखवलं. मी ते मोजून लिहिलं. तिचं नाव घालणं मला रास्त वाटलं. छापणाऱ्यांनी नावं इंग्रजी अक्षरांच्या क्रमाने लावली. बुधी आधी, विशे शेवटी. आणि आमच्या बढतीच्या तक्त्यात पहिल्याच नावाला श्रेय. म्हणजे शहापूर तालुक्यातली सर्वांत मोठी वनस्पतिशास्त्रज्ञ सही करत नाही, अंगठा उठवते.

प्राचार्यांनी तोडगा काढला. ‘सदर संशोधनात माझा वाटा केवळ अंगमेहनतीचा होता’ असं टाइप करून दिलं. त्यावर बुधीचा अंगठा घ्यायचा, की चौदाही उल्लेख माझे. मी कागद आणि अंगठ्यासाठी शाईची डबी पर्समध्ये घालून निघाले. (वाटेत तीनदा वाटलं, परत फिरावं. फिरले नाही, हेही लिहून ठेवते.) खर्डीपर्यंत एसटी, पुढे जीप, मग पायी.

बुधी आणि तिची सून लहानी अंगणात कंद चिरत होत्या. मी समजावून सांगितलं की जपानपासून बंगलोरपर्यंत चौदा विद्वानांनी तिचं नाव घेतलंय.

“चवदा? नि मला येक उचकी नाय लागली गो.”

“लागली आसती त आमालाच बोलली आसती, कोन नाव काढतंय म्हनून,” लहानी म्हणाली.

बुधीने विचारलं, “त्यांनी कंद खाल्लं का पन?”

मी म्हटलं, नाही, नुसतं लिहिलं.

“खाल्लं नाय, मंग लिवलं काय? आनी तू?”

ताई, दहा वर्षांत मी त्या कंदाचा कडवटपणा सात प्रकारे मोजला होता, चाखला एकदाही नव्हता. लाज वाटली. शेजारच्या टोपलीतून दोन चकत्या उचलून तोंडात टाकल्या आणि माझ्याच तक्त्यातला पहिला दिवस आणि तिसरा दिवस यांतला फरक मला प्रथमच नीट समजला. पुढचा अर्धा तास कुडाच्या मागे वाकून गेला. लहानी पाठ चोळत होती. बुधी चिंचेचं पाणी घेऊन आली.

“बाय, तिसऱ्या दिशी खायाचं, आसं तुज्याच कागदात हाय ना? तूच मागं वाचून दाखवलंस.”

हा त्या निबंधाचा पंधरावा उल्लेख, आणि अगदी योग्य ठिकाणी केलेला.

मग मी प्राचार्यांचा कागद वाचून दाखवला. ‘केवळ अंगमेहनतीचा’ इथपर्यंत आल्यावर आवाज खाली गेला. ती थोडा वेळ चकत्या करत राहिली. “शिकवलं त मी,” म्हणाली; तक्रारीच्या सुरात नव्हे, आज वार कोणता ते सांगावं तशी. मग राखेचा अंगठा लुगड्याला पुसून पुढे केला. “तुजं काम होत आसंल त लावतंय.”

मी म्हटलं, शाई वाळलीय. शाई ओली होती, ताई. येताना पर्सच्या अस्तराला लागलेली आता निघत नाही.

तेव्हा बढतीचा विषय माझ्यापुरता संपला. मन अगदी शांत आहे. भावजींना नमस्कार.

तुझी,
रेश्मा

ता. क. तुझ्या निबंधात माझ्या गवताच्या निबंधाचा उल्लेख जमला तर बघ. चुकीचा आहे असं लिहिलंस तरी चालेल. एकाच निबंधात पाच वेळा केला तर पाच धरतात का, तेही विचारून ठेव.

ता. क. २. अर्ज काल दिला. कंदाच्या निबंधापुढे ‘आपली भूमिका’ असा रकाना होता, तिथे ‘विद्यार्थिनी’ लिहिलं. प्राचार्य म्हणाले, “मॅडम, शेहेचाळिसाव्या वर्षी विद्यार्थिनीला बढती कशी द्यायची?” तेव्हा वरच्या ता. क.चं मनावर घे, आणि उलट टपाली कळव.