लाडू तिळाचाच होता

रत्नागिरी,
गुरुवार, १३ मार्च १९८६

तीर्थस्वरूप सगुणाआत्याबाईंच्या पायांवर डोकं ठेवून विमलाचा नमस्कार. इकडे सर्व ठीक आहे असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते, ठीक काहीसुद्धा नाही. तुमचे गुडघे कसे आहेत? निर्गुडीचा शेक चुकवत नाही ना? केळशीला यंदा मोहोर टिकला की गळला, तेही सवडीने कळवा. पण आधी हे पत्र एका दमात वाचून काढा, आणि वाचून दाखवायला शेजारच्या कुणाला बोलावू नका (तुमच्या त्या दमयंतीला तर मुळीच नको, संध्याकाळपर्यंत दापोलीला पोचेल).

विषय तुमच्या धाकट्या भावाचा, म्हणजे आमच्या मामंजींचा. त्यांचा अंतर्गळ तुम्हाला ठाऊक आहे. दिवाळीपासून तो फार वाढलाय. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन लगेच करून घ्या, आतडं एकदा अडकलं तर कोल्हापूरला न्यायलासुद्धा वेळ मिळायचा नाही. आम्ही दोघं तिथेच घाबरून उभे. मामंजी मात्र शांतपणे बंडीची बटणं लावत म्हणाले, "शेंडेनक्षत्र येतंय ना यंदा? ते बघेन, मगच सुरीखाली जाईन." डॉक्टर हसले. मीही हसले. म्हाताऱ्या माणसाची हौस, बघू देत बापडे, असं वाटलं. भिकंभटांचं ते भाकीत माझ्या त्या वेळी डोक्यातच आलं नाही. तुम्हाला काय सांगायचं, तुमच्यासमोरच तर भटजींनी मामंजींचा चिमुकला हात धरून सांगितलं होतं की हा मुलगा शेंडेनक्षत्र दोनदा बघेल आणि मग जाईल. पहिलं बघून झालंय, ते तर या घरातल्या भांड्याकुंड्यांनासुद्धा पाठ आहे: केळशीचा समुद्र, नुकता मावळलेला सूर्य, वडिलांचा खांदा, अंगाला गुंडाळलेली घोंगडी, हातात तिळाचा लाडू, आणि समोर पाण्यावर केरसुणीएवढं पसरलेलं शेंडेनक्षत्र. (लाडू अर्धा वाळूत पडला आणि तुम्ही तो झटकून स्वतः खाल्लात, हे गाऱ्हाणं ते अजून करतात.)

तर आमची जागा शोधायची मोहीम सुरू झाली. शेजारी आत्माराम मास्तर राहतात, शाळेत सायन्स शिकवतात. वर्तमानपत्रात या धूमकेतूचं आल्यापासून त्यांना दुसरं काही सुचत नाही, गळ्यात दुर्बीण घालूनच ते दूध आणायला जातात. त्यांचं म्हणणं, पहाटे बघायचं, आग्नेयेला बघायचं आणि जिथे दिवे नाहीत तिथे बघायचं. मामंजींचं म्हणणं, शेंडेनक्षत्र समुद्रावरच दिसतं, मी बघितलंय, तू बघितलंयस का? म्हणून पहिल्यांदा भाट्याची पुळण. काळोखात रिक्षा करून, मामंजींना उशीवर बसवून, खड्डा आला की माझा जीव वर आणि रिक्षावाल्याचा खाली. समुद्राकडे तोंड करून आम्ही सगळे ओळीने बसलो आणि शेंडेनक्षत्र आमच्या पाठीमागे सुरूच्या बनाआड उगवून वर आलं. मास्तरांनी एक फट शोधली, मामंजींना धरून तिथे उभं केलं, तर मामंजी म्हणतात, अरेरे, चष्मा घरी राहिला! मी स्वतःलाच दोष दिला. दुसऱ्या दिवशी बंडी धुवायला घेतली तर खिशात रुमालात गुंडाळलेला चष्मा. म्हटलं, वयोमान, विसरले असतील. (मी किती भोळी आहे ते तुमच्या भाच्याला विचारा, नाहीतर नकाच विचारू.)

मग किल्ल्याचा रस्ता. उंचावर मोकळं दिसेल, असं ह्यांचं म्हणजे तुमच्या हरीचं डोकं. तिथे दीपगृहाचा झोत फिरतो हे जन्म रत्नागिरीत काढलेल्या माणसाला आठवू नये! झोत आला की हे ओरडायचे, "आलं, आलं, अप्पा, बघा!" आणि झोत पुढे गेला की ओशाळायचे. पुन्हा झोत, पुन्हा तेच. मामंजी मात्र खूश. म्हणाले, डोळे पार दिपले रे हरी, आता सकाळपर्यंत काही दिसायचं नाही, चला घरी. तिसऱ्यांदा मिरजोळ्याच्या बाजूला, तर कारखान्यांचे दिवे असे की पंचांग वाचावं. रात्रपाळीचे चारजण धावत आले, त्यांना वाटलं म्हाताऱ्याला घेऊन चाललेल्या लोकांची रिक्षा बंद पडली. त्यांना समजावत होतो तेवढ्यात मामंजी पोट धरून खाली बसले. आत्याबाई, ती वेळ वैऱ्यावर येऊ नये. कपाळावर गार घाम, माझं मनगट त्यांनी असं आवळलं की बांगडी पिचली. तसंच डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी हलक्या हाताने आतडं आत बसवलं आणि मग आम्हा दोघांना शाळेतल्या पोरांसारखं झापलं. ऑपरेशन पुढच्या सोमवारचं ठरवलं, म्हणजे येत्या नव्हे, त्याच्या पुढच्या.

त्या दुपारी मी मामंजींना पेज भरवत होते. त्यांना हुशारी आली होती. हळूच म्हणाले, "विमल, नाही ना दिसलं? मग झालं तर. भटजींचं बोलणं खोटं व्हायचं नाही. आता पुढच्या खेपेपर्यंत मी आहेच." माझ्या हातातला चमचा तसाच राहिला. चष्मा आठवला, दिपलेले डोळे आठवले. म्हणजे आम्ही यांना शेंडेनक्षत्र दाखवायला जिवाचं रान करतोय, आणि हे गृहस्थ त्याच्याशी लपाछपी खेळतायत! असा राग आला म्हणून सांगू! ऑपरेशनही टाळायचं आणि भटजींनाही फसवायचं, असा दुहेरी बेत. मी पेजेची वाटी आपटून सांगितलं, तुम्ही शब्द दिलाय, बघेन आणि मग सुरीखाली जाईन म्हणून. आता मी दाखवतेच तुम्हाला. दोनदा बघितलं की माणूस जातो वगैरे मी मानत नाही. (त्या वेळी मानत नव्हते.)

आमच्या मागचा सडा काही लांब नाही, रिक्षा वरपर्यंत जाते, वर नुसता कातळ, दिवा नाही, झाड नाही, आणि कडेला आंब्याच्या बागा. तिथे आधीच का गेलो नाही असं विचाराल, तर तुमचा हरी. त्या सड्याला राखणदार आहे, तिथे अवेळी जायचं नसतं, हे त्याने लहानपणी ऐकलेलं. मास्तर म्हणाले, अहो, राखणदार आहे हे खरं, पण त्याला सांगून गेलं की तो काही करत नाही, वाटलं तर विडीकाडी द्या. झालं! ह्यांनी नारळ घेतला, विड्यांचा कट्टा घेतला, अंघोळ करून निघाले. पहाटेचा मिट्ट काळोख. मामंजींना आम्ही खुर्चीवर बसवलं, तर त्यांनी डोळे गच्च मिटून घेतलेले, चष्म्याच्या आत! मी म्हटलं, उघडा. ते म्हणाले, झोप येतेय. मास्तर दुर्बीण पुढे करतायत, मी विनवतेय, उजाडायला थोडाच अवकाश, आणि मधेच पोटात कळ आली तर काय, ही भीती वेगळीच. आणि तिकडे हे एका धोंड्यापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घालतायत: बा राखणदारा, तुझ्या हद्दीत आलो, काही चुकलंमाकलं तर पदरात घे, म्हाताऱ्याला सांभाळ, ही तुझी विडी मान्य करून घे...

आणि आत्याबाई, पाठीमागच्या काळोखातून खर्जातला आवाज आला, "नारल ऱ्हाऊ दे थितंच. इडी हिकडं आना."

मास्तरांनी सांगितलेला राखणदार हा! बागेचा. भागोजी नावाचा, वानरं हाकायला बंदूक घेऊन बसलेला, सज्जन माणूस, मागून त्यानेच आम्हाला चहा दिला. पण त्या क्षणी तुमचा हरी नारळावरच बसला, मास्तरांनी दुर्बीण टाकली, मी रामरक्षा चुकीच्या ठिकाणापासून सुरू केली, आणि मामंजींचे डोळे टक्क उघडले. समोरच होतं ते. फार मोठं नाही, पुसट, फुंकलेल्या राखेसारखं, पण शेपटीसकट. मामंजी बघतच राहिले. मग ते म्हणाले, "झाली दोन." आणि मला म्हणाले, "चल घरी, बाळ."

त्याला आज तीन दिवस झाले. भिंतीकडे तोंड करून पडलेत. जेवण नाही, पेजेचं नुसतं पाणी. ऑपरेशनचं काढलं की म्हणतात, आता कापून काय उपयोग, माझं मरण डॉक्टरच्या नावावर कशाला घालता? हातातली काठी हरीला दिली, चष्मा मला ("तुला सापडलाच होता," म्हणाले). काल पुन्हा कळ येऊन गेली. माणूस तयार नसेल तर मी सुरी लावणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. मला रडू येतं हो. मीच हट्टाने नेलं ना त्यांना वर. तुम्ही मोठ्या आहात, देवाजवळ दोन शब्द बोला, एवढंच मागते. थोरांना नमस्कार, पोरांना खाऊ तुम्हीच द्या, मी नंतर भरून देईन.

तुमची,
विमला

ता. क. देवाजवळ बोला, पण त्याआधी हे वाचा. मगाशी मास्तरांना तो केळशीचा किस्सा सांगितला, तर ते तिळाच्या लाडवाशी अडले. म्हणाले, वहिनी, थंडीत? तिळाचा लाडू म्हणजे संक्रांतीच्या मागेपुढेच. पण हे शेंडेनक्षत्र त्या साली, १९१० ला, दिसलं ते ऐन उन्हाळ्यात! जानेवारीत दिसलं ते दुसरंच, भलतंच मोठं, संध्याकाळी मावळतीला. एकाच साली दोन येऊन गेली म्हणे, आणि जगभर म्हाताऱ्यांचा असाच घोटाळा झालाय. म्हणजे मामंजींनी हे परवा पहिल्यांदाच बघितलं! पुढचं शहात्तर वर्षांनी. मी हे त्यांना सांगितलं तर सुनेची लबाडी म्हणतील. तुम्ही तिथे होतात, लाडू तुम्ही खाल्लात. तुमच्या हाताने लिहा की ती संक्रांतच होती. उत्तर पोस्टात टाकू नका, एस.टी.च्या ड्रायव्हरकडे द्या, ऑपरेशनच्या सोमवारच्या आत पोचलं पाहिजे.

ता. क. २. एक अडचण आहे. भिकंभट "तेच शेंडेनक्षत्र दोनदा" म्हणाले होते, की नुसतं "शेंडेनक्षत्र दोनदा"? नुसतं म्हणाले असतील तर आपण बुडालो. हे जगात आता तुम्हा एकट्यांनाच ठाऊक. तेव्हा कृपा करून "तेच" म्हणाले होते, असं आठवा.

ता. क. ३. पाकीट चिकटवत होते, तर आतून हाक आली. मला वाटलं कळ आली, धावत गेले. मामंजी भिंतीकडेच तोंड करून होते. म्हणाले, "अक्काला लिहितेस ना? मास्तर दारात काय बोलत होता ते मी ऐकलंय. तिला विचार, लाडू तिळाचाच होता ना." मी वळले तर पुन्हा म्हणाले, "विचारू नको. होता म्हणून लिही, असं सांग तिला."