म्हशीच्या छपराखाली

बुधवार, वैशाख. दिवेलागण.

काल वादळानं घरावरचे सगळे पत्रे नेले. रझाकारांच्या धामधुमीतून वाचलेले पत्रे, वाऱ्यानं घटकेत उडवले. दोन नाल्यात सापडले, पार चुरगाळलेले. म्हशीचं कडब्याचं छप्पर तेवढं जागच्या जागी हाय. घरावर कडबा घालावा म्हणलं तर यंदा कडबाच उरला न्हाई.

आज बसप्पा, माझा लेक, भालकीला पत्र्याचा भाव इचारून आला. तोंड पाडून म्हणला, "अव्वा, म्हैस इकल्याबिगर भागत न्हाई."

"मग मला इक की."

"तुला कोण घेतंय? दूध देत न्हाईस, वर शिव्या देतीस."

मी हसले. सून हसली न्हाई. तिच्या अंगावर दूध न्हाई, नातू म्हशीच्याच दुधावर जगायलाय. पावसाळा तोंडावर आलाय. लेकराला भिजत ठेवायचं का उपाशी?

उद्या बाजार. म्हैस जाणार. आज आम्ही सगळे तिच्याच छपराखाली निजायलोत. मेली एवढी ऐसपैस बसलीया, मला पाय लांब करायला जागा न्हाई. सरक म्हणावं, तर कोणत्या तोंडानं? छप्पर तिचं हाय.